धोंडीरामचा डावा हात

धोंडीराम सुट्टीवरून कतारमधल्या दुखानला परत आला त्या दिवशी मच्छिंद्रला कळलं की आपली बायको गेली. ती गेली होती त्याच्या एकवीस दिवस आधी.

दुपारची वेळ होती. मच्छिंद्र मेसच्या दारात ताट धूत होता. दोह्याहून येणारी कंपनीची बस थांबली आणि तिच्यातून चौघे उतरले. शेवटी धोंडीराम. तो मच्छिंद्रचा चुलतभाऊ, सहा वर्षांनी लहान. त्याला इथं फिटर म्हणून चिकटवला होता तोही मच्छिंद्रनंच. दोघं एकाच खोलीत राहत. धोंडीरामच्या डोक्यावर टोपी, हातात लोखंडी पेटी. पेटी खाली ठेवून त्यानं घाम पुसायला टोपी काढली, तर खाली सगळं बोडकं. दहा दिवसांची दाढी वाढावी तेवढे खुंट आलेले. मिशीही नाही.

मच्छिंद्रला हसू आलं.

"काय रं धोंड्या, तिरुपतीला जाऊन आलास व्हय? बायकोनं नवस फेडून घेतला वाटतं!"

धोंडीराम हसला नाही. त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

"दादा, तुला तार न्हाई मिळाली?"

"कसली तार?"

"दोन तारा केल्या. आधी सीरियस म्हणून, मग..."

मच्छिंद्रनं ताट नळाखाली तसंच धरलं होतं. पाणी ताटावरून उडून त्याच्या पायावर पडत होतं.

"कोण?" त्यानं विचारलं. धोंडीरामचे आईबाप दोघंही पिकलेले, त्यांच्यातलंच कुणीतरी असणार असं त्याला वाटलं.

"तानूवैनी," धोंडीराम म्हणाला. "कावीळ झाली. नवव्या दिवशी गेली. तुझी वाट बघून बघून संध्याकाळी उचलली. मीच आग दिली, दादा."

तारा खऱ्याच आल्या होत्या. दोह्यात मुशैरिबमधल्या कंपनीच्या हापिसात त्या एका खणात पडून होत्या. नाव असं काही लिहिलं गेलं होतं की ही कुणाची तार हे कुणाला कळलंच नाही. टाइमकीपर सुरेश नाशिकचा. तो दोन दिवसांनी त्या घेऊन स्वतः आला. मान खाली घालून म्हणाला, "मच्छिंद्रभाऊ, फार वाईट झालं. कंपनी तुम्हाला दहा दिवसांची इमर्जन्सी सुट्टी देते आहे. फक्त एक आहे, महिन्याच्या आत जायला हवं. ही संधी हुकली की मग तुमची सुट्टी पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर. चौदा महिने आहेत त्याला. उद्याच फॉर्म भरू?"

मच्छिंद्रनं विचार केला. विचार कसला, त्याच्या डोळ्यांपुढं धोंडीरामचं ते बोडकं डोकं उभं राहिलं. मडकं धोंडीरामनं धरलं. आग त्यानं दिली. दहाव्याला न्हाव्यापुढं तो बसला. तेराव्याचं जेवण त्यानं वाढलं. मूलबाळ नव्हतं, म्हणजे हे सगळं करायचा हक्क एकट्या मच्छिंद्रचा होता. आणि त्यातलं काहीच शिल्लक नव्हतं.

"नको," तो म्हणाला. "सगळं करून झालंय. आता जाऊन मी काय घराच्या भिंती बघू?"

"नीट विचार करा."

"केला."

सुरेश गेला. ही गोष्ट मच्छिंद्रनं कुणाला सांगितली नाही.

आता माणूस मेल्यावर आधी दुःख यावं. मच्छिंद्रला दुःख होतं, पण ते छातीत खाली कुठंतरी बसलेलं होतं आणि त्याच्यावर दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं. रात्री समोरच्या कॉटवर धोंडीराम झोपला की त्याचं डोकं उशीवर दिसायचं. ते डोकं आपलं असायला हवं होतं, असं मच्छिंद्रला वाटायचं. बारा वर्षं लग्नाला झाली. त्यातली पाच वर्षं कतारमध्ये, म्हणजे दोनदा जाऊन आला तेवढंच तिचं तोंड बघायला मिळालं. आणि शेवटचं तोंड बघितलं ते यानं. शेवटचं पाणी पाजलं ते यानं.

तिसऱ्या दिवशी त्यानं कॉट उचलून फजलच्या खोलीत नेली. फजल डोझर चालवायचा, पेशावरकडचा, भला माणूस. त्यानं काही विचारलं नाही.

धोंडीराम दारापर्यंत मागं आला. "दादा, माझं काय चुकलं? एक सांगायचं राहिलंय तुला."

"तू समदं करून आलास की. आता सांगायचं काय राहिलं?"

"ऐक तर..."

"जा धोंड्या. डोकं झाक आणि जा."

असं तीनदा झालं. मग धोंडीरामनं सांगायचं सोडलं.

आता नोंग दोरो या म्हाताऱ्याची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्याच्यापाशी झालं.

मच्छिंद्र कोल्हापूरकडचा. गावच्या तालमीत वस्तादाच्या हाताखाली लाठी शिकलेला. पाच हाताची लाठी तो अशी फिरवायचा की माणूस दिसायचा नाही, नुसतं चक्र दिसायचं. वस्ताद सांगायचे, खरा लाठीवाला फिरवत असेल तर चारी बाजूंनी खडे मारले तरी एक आत येत नाही. मच्छिंद्रला ते येत होतं. तानूबाई मात्र परड्यात उभी राहून म्हणायची, "माणसाला मारायची का माशा हाकायच्या?"

दुखानला आल्यावर त्यानं तंबूचा एक जुना लाकडी खांब मिळवला होता. शुक्रवारी सुट्टी असायची. पाइपच्या ढिगांमागं मोकळी जागा होती, तिथं तो सकाळी फिरवायचा. फजलनं एकदा बघितलं आणि म्हणाला, "तेरे जैसा एक पागल टँकवालों में भी है. फिलिपिनो बुढ्ढा. डंडेवाला."

मच्छिंद्रनं म्हाताऱ्याला हुडकून काढलं. वेल्डर होता. पन्नाशीचा, हडकुळा, पुढचे दोन दात सोन्याचे. नाव तिओदोरो. त्यांच्या बेटावर मोठ्या माणसाला नोंग म्हणतात, म्हणून सगळे नोंग दोरो म्हणायचे. मच्छिंद्रनं शिकवा म्हटलं तर म्हातारा मान हलवायचा.

"कराटे पाहिजे? दोह्याला जा. सिनेमात बघ."

"कराटे नको. तुमचं पाहिजे."

"माझं काही नाही. मी वेल्डर."

मग एका शुक्रवारी म्हातारा स्वतःच पाइपांमागं येऊन उभा राहिला. हातात शेंगांची पुडी. मच्छिंद्र फिरवत होता. म्हाताऱ्यानं एक शेंग फेकली. मच्छिंद्रनं उडवली. दुसरी फेकली, तीही उडाली. मच्छिंद्रला वाटलं, आता बघ म्हणावं. तेवढ्यात म्हातारा पुडी खिशात घालून सरळ चालत आला. फिरता खांब ज्या एका क्षणी मागं जातो, त्या क्षणात आत शिरला आणि डावा हात मच्छिंद्रच्या मनगटावर ठेवला. जोर नाही, काही नाही. खांब थांबला. म्हाताऱ्याचं तोंड मच्छिंद्रच्या तोंडापासून वीतभर होतं आणि त्याला शेंगदाण्यांचा वास येत होता.

"सुंदर आहे," म्हातारा म्हणाला. तो हिंदी आणि इंग्रजी एकत्र करून बोलायचा, कळायचं सगळं. "शेंगा थांबतात. माणूस थांबत नाही."

तरी तो शिकवायला तयार नव्हता. तयार झाला तो पोटरीवरच्या व्रणामुळं. मच्छिंद्र पँट वर करून पाय धूत होता, म्हाताऱ्यानं विचारलं, कशाचं? मच्छिंद्र म्हणाला, ऊस तोडताना कोयता लागला. म्हाताऱ्यानं आपली पँट वर केली. तिथंच, तसाच व्रण. त्याचं बेट सगळं उसाचं. बाप, आजा, सगळे ऊसतोड करणारे.

"ऊसवाला," तो हसला. सोन्याचे दात दिसले. "यल्ला, चल, ये शुक्रवारी."

त्या काठीच्या कलेला त्यांच्याकडं तीन नावं होती. कुणी आर्निस म्हणे, कुणी काली. दोरोच्या बेटांवर एस्क्रिमा. कुठून आली विचारलं की म्हातारा हात उडवायचा. "प्रत्येक बेट म्हणतं आमची. आजा सांगायचा, स्पॅनिश लोक आले, त्यांनी भीतीनं आमची पाती काढून घेतली, म्हणून आम्ही काठी धरली. खरं का खोटं, आजाला ठाऊक." कुणाची पद्धत लांबून मारायची, कुणाची एका हातात काठी आणि दुसऱ्यात सुरी. दोरोची एका काठीची, अगदी जवळून. त्याच्या मामानं त्याला स्वयंपाकघरामागं दार लावून शिकवली होती, आणि एका वेळी एकच चेला हा मामाचा नियम होता. काठी वेताची, हाताएवढी. दोन काठ्या त्यानं पेटीतून आणल्या होत्या. विमानतळावर विचारलं तेव्हा सांगितलं होतं, पाठ चोळायच्या आहेत. पुढं कुणा साहेबाच्या बंगल्यातला वेताचा सोफा मोडला, त्याच्या पायांच्या आणखी दोन केल्या.

वार बारा. एक अंगात मुरल्याशिवाय दुसरा मिळायचा नाही. मच्छिंद्रचा त्रास वेगळाच होता. लाठीवाला वार करायच्या आधी हात मागं घेतो. ती सवय हाडात गेलेली. तो हात मागं घ्यायचा आणि म्हाताऱ्याची काठी टक्क करून त्याच्या बोटांवर बसायची.

"तार पाठवतोस," म्हातारा म्हणायचा. "आधी तार, मग वार."

आणि पुन्हा पुन्हा सांगायचा, "उजवा हात मारतो. ते कुणालाही येतं. डावा बघ. डाव्यात काठी नाही म्हणून तो झोपला नाही. डाव्यानं समोरच्याला धरून ठेवायचं, जाऊ द्यायचं नाही."

दीड वर्षात मच्छिंद्र सातव्या वारापर्यंत आला होता. इथं आल्यावर त्यानं जे जे केलं, त्यात हेच एक त्याचं स्वतःचं होतं.

बायकोची बातमी कळल्यावर त्यानं शुक्रवारी जायचं सोडलं. सुतक नव्हतं, पण मन होत नव्हतं. सहाएक आठवडे असे गेले. थंडी पडली. एका शुक्रवारी त्याला वाटलं, नुसतं जाऊन म्हाताऱ्यापाशी बसू. पाइपांना वळसा घालून तो गेला तर टक्क टक्क आवाज येत होता.

म्हाताऱ्यासमोर धोंडीराम होता.

त्याच्या हातात जी काठी होती ती मच्छिंद्र वापरायचा ती. मुठीपाशी निळा टेप गुंडाळलेली. टेप मच्छिंद्रनंच गुंडाळला होता. धोंडीराम बापजन्मात तालमीत गेला नव्हता. गावात लेझीमसुद्धा कधी धड खेळला नाही. आणि त्याचा हात मागं जात नव्हता. सरळ जात होता, जसा म्हाताऱ्याला पाहिजे तसा.

"वा रं धोंडीराम!" मच्छिंद्र ओरडला. "हितंबी माझी जागा घेतलीस? अजून काय ऱ्हायलंय का? माझं पांघरूण घेऊन जा की!"

धोंडीरामची काठी खाली आली. "दादा, मी तुझा निरोप सांगायला आलो हुतो. तू येत न्हाईस म्हणून. नोंगच म्हणाले, थांब, हात दाखव."

"आन तू दाखवलास! लगेच!"

मच्छिंद्रनं म्हाताऱ्याकडं बघितलं. "एका वेळी एकच चेला म्हणत होतास ना?"

"एकच आहे," म्हातारा म्हणाला. "तू आला नाहीस. हा आला. काठी कुणासाठी रडत बसत नाही."

"कुठवर आला तो?"

"चौथा."

सहा आठवड्यांत चौथा! मच्छिंद्रला चौथ्याला आठ महिने लागले होते.

"त्याच्या हातात जुनं काही नाही," म्हातारा म्हणाला. "म्हणून नवीन लवकर बसलं. राग धरू नको."

पण रागच तो. त्याला दुसरं काय म्हणायचं? मच्छिंद्र आठवडाभर जेवायला बसला की धोंडीरामचा हात बघायचा. भाकरी मोडणारा हात. याच हातानं तानूबाईच्या तोंडात पाणी घातलं. याच हातानं चूड लावली. आता याच हातात माझी काठी. रात्री डोळे मिटले की त्याला वार दिसायचा. पहिला, दुसरा, तिसरा, आणि धोंडीरामची बोटं.

पुढच्या शुक्रवारी तो गेला. "मला याच्याशी खेळायचं आहे," तो म्हाताऱ्याला म्हणाला.

म्हाताऱ्यानं त्याच्या डोळ्यांत बघितलं. "खेळ नाही. विणकाम."

विणकाम म्हणजे दोघांच्या हातात दोन दोन काठ्या. समोरासमोर उभं राहायचं आणि ठरलेल्या क्रमानं मारायचं, वर, खाली, वर, पुन्हा दुसऱ्या हातानं. तू जिथं मारशील तिथं माझी काठी येते, मी मारीन तिथं तुझी. चटई विणल्यासारखं. दोघांनी एकमेकांवर भरवसा ठेवला तर कुणाला काही लागत नाही. म्हाताऱ्यानं हे मुद्दामच ठरवलं असणार.

दोघं उभे राहिले. टक्क टक्क टक्क. धोंडीरामच्या डोक्यावर आता बोटभर केस आले होते. मिशी फुटली होती. मच्छिंद्रनं वेग वाढवला. धोंडीरामनंही वाढवला. त्याच्या कपाळावर घाम आला, पण हात चुकत नव्हता. म्हातारा तोंडानं ताल धरून होता. मच्छिंद्रनं आणखी वाढवला. आणि वरच्या वाराच्या वेळी काठीला काठी न भिडवता मनगट वळवलं आणि खाली, मुठीवर घातलं.

हात मागं गेला नाही. तार पाठवली नाही. दीड वर्षात पहिल्यांदाच त्याचा वार जसा पाहिजे तसा गेला.

धोंडीरामची करंगळी वाजली. उजव्या हातातली काठी पडली. मच्छिंद्रनं दुसरा वार उचलला, तेव्हा धोंडीरामनं डाव्या हातातलीही काठी टाकली, पुढं आला आणि डाव्या हातानं मच्छिंद्रचं मनगट धरलं. तसंच, जसं म्हाताऱ्यानं पहिल्या दिवशी धरलं होतं.

"सोड."

"न्हाई सोडत."

"धोंड्या, सोड म्हणतो."

"आज ऐकशील तवाच सोडीन. दोन म्हैनं झालं, तोंड उघडू देत न्हाईस मला." त्याचा उजवा हात छातीशी होता, करंगळी वाकडी झालेली. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण पकड ढिली झाली नाही. "मला काय हौस हुती व्हय रे? मी माझ्या मिशीला हात लावू देत न्हवतो, ठावं हाय तुला. वैनीनंच सांगितलं. सातव्या दिवशी शुद्धीत हुती तवा म्हणली, 'भावजी, त्यांचं येणं काय होत न्हाई. काठी फिरवत बसलं असतील तिकडं. आग तुम्ही द्या. पर हाडं त्यांची त्यांना ठेवा.'"

मच्छिंद्रनं मनगट ओढायचं सोडलं.

"तिसऱ्या दिवशी राख सावडली. सगळे म्हणले, नदीला सोडून मोकळा हो. म्या अस्थी सोडल्या न्हाईत. मडक्यात घालून, फडकं बांधून बांधावरच्या करंजाला टांगल्यात. आई रोज सांजच्याला खाली दिवा लावती. तू येऊन सोडायच्या म्हणून ठेवल्यात, दादा. हेच सांगायचं हुतं. तिसऱ्याच्या तोंडी कसं घालू असलं? फजलला सांगू? कंपनीनं तुला सोडलं न्हाई म्हणून मीबी म्हणलं, जाऊ दे, राग उतरल्यावर सांगू."

मच्छिंद्रच्या हातातल्या दोन्ही काठ्या खाली पडल्या. धोंडीरामनं मनगट सोडलं.

"कंपनी सोडत हुती," मच्छिंद्र म्हणाला.

"काय?"

"दहा दिवस देत हुती. सुरेश फॉर्म घिऊन आला हुता. मीच नको म्हणलो."

"का?"

कारण मच्छिंद्रला ठाऊक होतं. तू सगळं करून आलास म्हणून. तुझं डोकं बघवत नव्हतं म्हणून. मच्छिंद्र पाइपवर बसला. म्हाताऱ्याला शब्द कळले नव्हते, पण त्यानं काही विचारलं नाही. त्यानं वेताची एक कांब चिरली, धोंडीरामच्या करंगळीला लावली आणि मच्छिंद्रच्या काठीचा निळा टेप सोडवून त्यानं ती घट्ट बांधली.

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र सुरेशकडं गेला. सुरेशनं कागद काढले, मुशैरिबला फोन लावला, बराच वेळ बोलला. मग फोन ठेवून म्हणाला, "खलास झालं, मच्छिंद्रभाऊ. महिना उलटून गेला. आता जाऊ देणार नाहीत. पासपोर्ट त्यांच्याकडे आहे, मी काय करू? दिवाळीनंतरच. इन्शाल्ला, तेव्हा चार दिवस जास्त मागून घेऊ."

फुलाबाई म्हणजे धोंडीरामची आई. तिला पत्र गेलं की अस्थी तशाच ठेवा, मी येतो. पत्र धोंडीरामनं डाव्या हातानं लिहिलं, कारण उजव्याला कांब बांधलेली होती, आणि मच्छिंद्रचं अक्षर कुणाला लागत नसे. अक्षरं वेडीवाकडी आली. पोस्टात टाकायला दोघं बरोबर गेले.

मच्छिंद्रनं कॉट पुन्हा जुन्या खोलीत नेली. फजल म्हणाला, "शुक्र है." शुक्रवारी म्हातारा आता दोघांना शिकवतो. मामाचा नियम मोडला त्यानं. मच्छिंद्र सातव्यावर आहे, धोंडीराम बोट बरं होईपर्यंत डाव्यानं खेळतो आणि डावाही त्याचा चांगलाच बसला आहे. ते बघून मच्छिंद्रला अजून जळफळाट होतो. गेला असं सांगितलं तर ते खोटं होईल. कधी जेवताना त्याला वाटतं, ते वाक्य तानूबाईच्या तोंडून यानं ऐकलं, मी नाही. 'काठी फिरवत बसलं असतील', हे ती कशी म्हणाली असेल, हसून का रागानं? एकदा त्यानं विचारलंसुद्धा. धोंडीराम विचार करून म्हणाला, "हसूनच. पर तिला हसताना दम लागत हुता."

मध्यंतरी एका दुपारी मच्छिंद्र कॅम्पच्या न्हाव्याकडं, रहमानकडं गेला आणि खुर्चीत बसला. "पूरा साफ," तो म्हणाला. रहमाननं वस्तरा लावायला घेतला तेव्हा तो उठला. अजून नदीचं काम झालेलं नाही, आणि त्या कामाआधी डोकं कशाला करायचं? त्यानं रहमानला तसं सांगितलं आणि तो बाहेर आला.

धोंडीरामच्या डोक्यावर आता केस पूर्ण आले आहेत. मिशीही पहिल्यासारखी झाली. दिवाळीला अजून अकरा महिने आहेत. मडकं करंजाला आहे. अस्थी सोडायच्या राहिल्या आहेत.